आठवं पाखरू

माझ्यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं मला सलग सांगता येईल. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. भूत, करणी, भानामती, दृष्ट... यातलं काहीही मी मानत नाही, आणि मानणाऱ्यांशी आयुष्यभर भांडत आले. आमच्या वर्कशॉपच्या दाराला लिंबू-मिरची नाही. अमावस्येला डिलिव्हरी नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ विचारते, मग टेंपोवाल्याला दर महिन्याला पगारी सुट्टी तुम्ही देणार का? सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही. असेना. पण गेल्या फेब्रुवारीतला एक आठवडा असा गेला की त्यानंतर मी या विषयावर कुणाशी भांडलेले नाही. हे सगळं मी आजवर कुणालाच नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

अंबाजोगाईत परळी रोडला, टायरच्या दुकानामागे आमचं पत्र्याचं शेड आहे. आधी वडील चालवायचे, आता मी चालवते. मी, युसूफमामा आणि दोन कारागीर. काम मुख्यतः कन्सोल टेबलांचं. म्हणजे भिंतीला टेकवून ठेवायचं अरुंद, लांबट मेज. त्यावर कुणी जेवत नाही, कुणी लिहीत नाही. चाव्या, फुलदाणी आणि घरमालकाची हौस, एवढंच त्यावर ठेवायचं असतं. पुण्याकडच्या लोकांना सध्या त्याच्यावर पक्षी लागतात. फ्लेमिंगो, धनेश, मोर. डिझाईन मोबाइलवर येतं, मशीन ते तासाभरात कोरून देतं, खाली लोखंडी पाय, वर मॅट फिनिश. फ्लेमिंगो मी स्वतः फक्त टीव्हीवर पाहिलाय, पण आजवर पन्नासेक तरी पाठवले असतील.

आणि दुसरं काम जुन्या मेजांच्या दुरुस्तीचं. हे माझ्या खास आवडीचं. जुनं पॉलिश उतरवायचं, स्पिरिटमध्ये चपडा, म्हणजे लाख, विरघळवून त्याचे हात मारायचे, लाकूड पुन्हा बोलतं करायचं. यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तर त्या रविवारी सकाळी केज तालुक्यातले एक बागायतदार टेंपोत मेज घालून आले. त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही आण्णाच म्हणेन. पांढरेशुभ्र कपडे, आवाज मोठा, गावात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही अशी ख्याती. मेज मात्र बघतच राहावं असं. निजामाच्या काळातलं, अस्सल सागवान. पाय दोनच, तेही पुढे. मागची बाजू भिंतीत ठोकायची. आणि पुढच्या पट्टीवर ओळीनं नऊ पाखरं कोरलेली, मूठभर मूठभर आकाराची. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"ही घरातली माणसं हायती," आण्णा म्हणाले. त्यांच्याकडची रीत अशी, की घरात मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी मिस्त्री बोलवायचा आणि पट्टीवर एक पाखरू कोरून घ्यायचं. मग बाळाच्या आईनं त्यात कुंकू भरायचं. मुलगा असो, मुलगी असो. माणूस मेलं तरी पाखरू तसंच राहतं. मुलगी सासरी जाताना आपल्या पाखराला हळदीचं बोट लावून जाते.

"लई सुंदर रीत आहे," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

"ह्ये आठवं काढायचं." त्यांनी बोट ठेवलं नाही, नुसती मान हलवली. "निशाण बी दिसू नये. पुढच्या आठवड्यात पोराचा साखरपुडा हाय. पाव्हणे हॉलमधी बसतेत, मेजाकडं बघतेत, इचारतेत. शनिवारपर्यंत पायजे."

"काहून काढायचं?"

"ताई, तुमी लाकडाचं बघा."

मी कशाला आणखी विचारतेय? त्यांचं घर, त्यांचं मेज. पण आण्णा गेल्यावर युसूफमामा त्या आठव्या पाखराजवळ उकिडवे बसले आणि उठेचनात. युसूफमामा पन्नाशीचे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे. मशीन आल्यापासून त्यांना काम कमी, पण हातात अजून जादू आहे.

"ये मैंने कोरा है," ते म्हणाले. "बाकीचे माझ्या अब्बांनी कोरले. ह्ये माझं पहिलं. आण्णांची पोरगी सुजाता, तिच्या बारशाला मी गेलतो. पटाशी चालवताना बाळ असं मोठ्यानं रडलं की माझा हात सटकला. बघ."

शेपटीच्या टोकाशी एक तिरका ओरखडा होता, नखाएवढा. अब्बांनी तिथेच कानाखाली वाजवली होती म्हणे. पण बाळाची आई हसली आणि म्हणाली, राहू द्या, तिच्या रडण्याची खूण हाय ती.

सुजाताचं मग सगळं मामांनीच सांगितलं. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीतला मुलगा. आण्णांनी त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. तिच्या आईला फोन करायचीही बंदी. आता राहिलं होतं ते फक्त हे पाखरू.

"बेटा, आपन कोरायचं," मामा म्हणाले. "मिटवायचं काम आपलं न्हाई. मी हात लावनार न्हाई. आन खरं सांगू, तुझ्याच्यानं बी व्हायचं न्हाई."

झालं! मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना रोग आहे. मी म्हटलं, मामा, उद्या दुपारी येऊन शोधून दाखवा कुठं होतं ते.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. बाईचा आवाज, दबका. आण्णांच्या बायको, त्यांना सगळे काकी म्हणतात. न्हाणीत जाऊन बोलत होत्या, मागे नळाचा आवाज येत होता.

"पोरी, तेवढं एक पाखरू राहू दे गं. त्ये घरात हाय तवर माझी सुजी घरात हाय. रोज सकाळी मी पुसते त्याला. आता तेबी गेलं तर मी काय पुसू?"

त्यावर मी काय बोलले ते आजही मला पाठ आहे. मी म्हणाले, "काकी, हे तुमच्या घरातलं आहे. तुम्ही दोघं ठरवा आणि मला कळवा. मी फक्त लाकडाचं बघते."

"आमी कुटं काय ठरवतो, बाई," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, वाटलं. पण मामांसमोर पैज मारून बसले होते ना! साडेदहाला मी कामाला लागले. पाखराच्या खाचांत सागाचा भुसा आणि गोंद दाबून भरला, वाळवला, वरून रंधा मारला, पॉलिश पेपर फिरवला आणि चपड्याचे चार हात दिले. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला, कारण असल्या कामाच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंवरच मला गिऱ्हाइकं मिळतात. ही फोटोंची गोष्ट लक्षात ठेवा. संध्याकाळी मामांना बोलावलं. त्यांनी पट्टीवरून हात फिरवला आणि नमाजाला निघून गेले.

मंगळवारी सकाळी शेड उघडलं तर पाखरू जागच्या जागी.

मी घाबरले वगैरे नाही, उलट चिडले. आमच्या रोडवरून परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचे ट्रक दिवसभर जातात. ओल्या पॉलिशवर राख बसली की नाही नाही ते आकार दिसतात. पुसून पाहिलं. राख नव्हती. मग म्हटलं, भराव आकसला. भुशाचा भराव वाळताना आकसतो, खाचा पुन्हा उघड्या पडतात. अगदी साधी गोष्ट. थोडी जास्तच स्वच्छ उघडी पडली होती, तेवढंच.

बुधवारी मी ठरवलं की आता थातूरमातूर नको. अकरा वाजता पटाशी घेतली आणि आठवं पाखरू मुळापासून काढलं. चौकोनी खड्डा केला, अर्धा इंच खोल, आणि एका जुन्या चौकटीच्या सागाचं थिगळ बसवलं. रेषेला रेष जुळवून. असं थिगळ सापडायला भिंग लागतं. काढलेला चौकोन, म्हणजे ते मूळ पाखरू, मामांनी उचललं आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. मी हसले त्यांना. "मामा, आता तरी माना!"

"बेटा, तू हट्टाला पेटलीस," एवढंच ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी थिगळावर पाखरू होतं. या वेळी खोल नाही. केसासारख्या बारीक चिरा, पॉलिश तडकल्यासारख्या, पण चोच, पंख, पोट, शेपटी, सगळं स्पष्ट. मी भिंग लावून पाहिलं. मग डोक्यात सगळी केमिस्ट्री फिरवून घेतली. स्पिरिट जास्त झालं असेल. थिगळाचं लाकूड कोरडं, पट्टीचं दमट, ताण आला असेल. ताणानं चिरा पडतात, हे खरं आहे. त्या पाखरासारख्या का पडाव्यात, हे मी स्वतःला विचारलं नाही.

इथे थांबता आलं असतं मला. आण्णांना फोन करून सांगायचं, जमत नाही, घेऊन जा. काकींचा तो नळाखालचा आवाजही आठवत होता. पण मी थांबले नाही. शुक्रवारी मी जे केलं ते ना गिऱ्हाइकासाठी होतं, ना कलेसाठी. निव्वळ जिद्द... नाही, जिद्द हा चांगला शब्द झाला. निव्वळ माज.

शुक्रवारी चार वाजता मी ते थिगळ उपटून काढलं. फ्लेमिंगोवाल्या टेबलांसाठी मागवलेल्या लाकडातला तुकडा घेतला. कोरंकरकरीत, बाहेरून आलेलं, या घराशी, या गावाशी, सागाशी काडीचा संबंध नसलेलं. रंग जुळवला, बसवला, आणि या वेळी चपडा लावलाच नाही. डब्यातलं मशीननं मारायचं लॅकर मारलं, काचेसारखं. मनात म्हटलं, ये आता.

शनिवारी सकाळी युसूफमामा माझ्या आधी आले होते. मेजासमोर खाली बसले होते, चष्मा हातात. मी जवळ गेले. लॅकरचा थर वरून गुळगुळीत होता, बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. पाखरू त्याच्या खाली होतं, लाकडाच्या आत. तपकिरी रेषांत उमटलेलं. आणि शेपटीच्या टोकाशी तो तिरका ओरखडा, नखाएवढा.

"ह्यो माझाच हात हाय," मामा म्हणाले. त्यांनी खिशातला रुमाल सोडून मूळ चौकोन बाजूला धरला. दोन्ही एकसारखे. लाकडाच्या नुसत्या रेषा असत्या तर पाखरू एखादवेळी दिसलं असतं, माणूस ढगातही हत्ती बघतोच. पण एकोणतीस वर्षांपूर्वी एका बाळाच्या रडण्यानं सटकलेली पटाशी रेषांना कुठून ठाऊक?

मी तिथेच फरशीवर बसले.

अकराला आण्णा आले. बरोबर काकी. चार वर्षांत काकींनी पहिल्यांदाच हट्ट धरला होता म्हणे, मी बी येणार. आण्णांनी पाहिलं आणि आवाज चढवला. "ह्ये काय हाय? काय सांगितलतं मी तुमाला?" मी म्हटलं, आण्णा, मी तीनदा काढलं. तीनदा आलं परत. ते आणखी ओरडणार होते, पण तेवढ्यात काकी पुढे झाल्या. त्यांनी पदराच्या टोकानं ते पाखरू पुसलं, रोज पुसत असतील तसं, आणि शेपटीच्या ओरखड्यावर बोट ठेवलं.

"सुजी," त्या म्हणाल्या. मग मान वळवून नवऱ्याला म्हणाल्या, "तिला काय तरी झालंय. फोन लावा."

आण्णा पॉलिशवाल्याच्या स्टुलावर बसले, पांढऱ्या धोतराला डाग पडतील याचंही त्यांना भान नव्हतं. मग खाली बघत म्हणाले, "त्या पोराचा फोन आलता. सोमवारी. मी कट केला. बुधवारी परत आला. काल बी आला."

सोमवार, बुधवार, काल... माझेही तेच तीन दिवस. तोवर मी फक्त लाकडाचंच बघत होते ना.

"काय म्हणत होता?" काकींनी विचारलं.

"उचललाच न्हाई, तर कसं कळंल?"

त्यांनी मोबाइल काकींकडे दिला, काकींनी तो तसाच माझ्याकडे दिला. मी फोन लावला. पलीकडून प्रकाश, म्हणजे सुजाताचा नवरा, पहिल्याच रिंगला बोलला. ते अंबाजोगाईतच होते. दवाखान्यात. माझ्या शेडपासून गाडीनं दहा मिनिटांवर. सगळा आठवडा.

काकींनी माझा हात सोडला नाही, म्हणून मीही गेले. सुजाता कॉटवर होती, चेहरा पिठासारखा पांढरा, हाताला सलाईन. तिनं डोळे उघडले, आधी आईला पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या आण्णांना. "आण्णा, जेवलात का?" एवढंच म्हणाली. त्या आडदांड माणसानं तिच्या पायाशी कॉटचा दांडा धरला आणि हुंदका दिला. सगळा वॉर्ड बघत होता. मला रडू आवरेना, मी बाहेर आले.

बाहेर प्रकाश होता. तीन-चार दिवसांची दाढी, डोळे लाल. त्यानंच सांगितलं. आठवा महिना, अचानक रक्तस्राव सुरू झाला, सोमवारी दुपारी ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी. ती काचेच्या पेटीत आहे, बरी आहे. सुजाता मात्र तीनदा हातातून गेल्यात जमा होती. सोमवारी टेबलावर. बुधवारी बीपी वाढून झटके आले. काल पुन्हा रक्त सुरू झालं, तो रक्ताच्या पिशव्यांसाठी धावत होता. "डॉक्टरच म्हणाले मॅडम, आम्ही आशा सोडली होती, ही कशी परत येते आम्हाला कळत नाही. तीनदा गेली आणि तीनदा आली."

"किती वाजता?" मी विचारलं. असा प्रश्न कुणी विचारतं का! पण तो लॅबमध्ये काम करतो, वेळा लक्षात ठेवायची त्याला सवय. सोमवारी पाऊणच्या आसपास. बुधवारी अकरा-सव्वाअकरा. काल चार.

मी जिन्यात जाऊन बसले आणि फोन उघडला. माझ्या फोटोंवर वेळ असते. रंधा मारताना, सोमवार, बारा बेचाळीस. पटाशी, बुधवार, अकरा सात. थिगळ उपटताना, शुक्रवार, चार वाजून तीन मिनिटं.

ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना मी फक्त पाखराचे दाखवले, वेळांचं काही बोलले नाही. ते म्हणाले, जुन्या लाकडातला रंग ओलाव्याबरोबर शेजारच्या तुकड्यात उतरू शकतो. बरं. उतरू शकतो. मग आकारासकट कसा उतरला? ते म्हणाले, लाकूड आहे, सांगता येत नाही. वेळांचा योगायोग म्हणायचा तर तोही मी मांडून बघितलाय. दिवसाला कितीतरी वेळा मी रंधा मारते. पण तीनदा... मला हिशोब लागत नाही. माझ्या हातानं ती जात होती, की पाखरू परत येत होतं म्हणून ती येत होती? की दोन्ही खरं? की काहीच नाही, नुसतं लाकूड आणि नुसतं नशीब? मी केमिस्ट्रीवालीच आहे अजून. लिंबू-मिरची आजही बांधलेली नाही. फक्त, कोरलेल्या पाखरावर मी आता रंधा धरत नाही, कितीही मोठं गिऱ्हाईक असो.

साखरपुडा महिनाभर पुढे ढकलला आणि थाटात झाला. बाळ घरी आल्यावर बारसं आण्णांच्याच घरी झालं. रीतीप्रमाणे लेकीच्या लेकराचं पाखरू या मेजावर येत नाही, पण आण्णा म्हणाले, "कोण काय म्हनतंय बघतो मी!" युसूफमामांनी दहावं पाखरू कोरलं. सुजातानं त्यात कुंकू भरलं. आठव्याच्या जागी मी बसवलेला तो परका तुकडा तसाच आहे, त्यातलं पाखरूही. मूळ चौकोन मामांनी काकींच्या हातात दिला, तो आता त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

निघताना काकींनी माझी ओटी भरली. माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. पॉलिशनं काळे झालेले, नखांत लाख अडकलेली.

"ह्या हातांनी माझी सुजी परत दिली गं मला," त्या म्हणाल्या, आणि माझे हात त्यांनी डोळ्यांना लावले.

मला त्या फोटोंवरच्या वेळांचं सांगायचं होतं. पण माझ्यानं ना बोलवलं, ना हात सोडवून घेववले.